पिंजऱ्यात सापडला तो कोण?

'खुनी कोण' हे कळावं म्हणून आपण रहस्यकथा वाचतो, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. तसं असतं तर शेवटचं पान आधी वाचून सगळे मोकळे झाले असते आणि एकदा वाचलेली अगाथा ख्रिस्ती कुणी पुन्हा हातात घेतली नसती.

ओढ वेगळ्याच गोष्टीची आहे, आणि ती आमच्या जुन्नर-आंबेगावात लवकर कळते. इथे उसात बिबटे राहतात. माणसावर हल्ला झाला की वनखातं पिंजरे लावतं. एखादा बिबट्या अडकतो, त्याची रवानगी माणिकडोहच्या निवारा केंद्रात होते आणि गाव सुटकेचा निःश्वास टाकतं. पण सापडला तो 'तोच' आहे का? हे तपासायला वेळ लागतो. गावाला मात्र आज रात्रीच कुणीतरी सापडायला हवा असतो. लेकरं अंगणात खेळतात तिथे ही घाई समजण्यासारखी आहे.

चांगली रहस्यकथा नेमकी या घाईला नकार देते. 'कुणीतरी सापडला' आणि 'ज्याने केलं तो सापडला' यांतलं अंतर हीच तिची जागा.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार वाचताना मजा येते ती धाडसाची. पण मनात शंका घेऊन बसावं लागत नाही. सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास वकील आहे, आणि तिथे फरक पडतो. वकिलाच्या गोष्टीत आरोपी बहुधा आधीच कोठडीत असतो. इतरांसाठी प्रकरण मिटलेलं असतं, त्याच्यासाठी तिथून सुरू होतं.

ख्रिस्तीची 'ऑर्डील बाय इनोसन्स' (१९५८) याहून पुढे जाते. आईच्या खुनाबद्दल शिक्षा झालेला मुलगा तुरुंगातच मरतो. नंतर एक माणूस येऊन सांगतो, 'खून झाला तेव्हा तो माझ्या गाडीत होता.' घरच्यांना आनंद होत नाही, कारण आता संशय उरलेल्या प्रत्येकावर येतो. भावकीत वाढलेल्याला हे घर ओळखीचं वाटेल. मेलेल्याच्या माथी मारलेलं बरं असतं. बाकीच्यांना एका पंगतीला बसता येतं. म्हणूनच खरा गुन्हेगार शोधणं म्हणजे फक्त एकाला पकडणं नव्हे, बाकी सगळ्यांना मोकळं करणं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर रीस्टार्ट केला की चालू होतो, तिकीट बंद होतं, बग तिथेच राहतो. शेवटच्या भागात धक्का देण्यासाठी कुणाचंही नाव पुढे करणाऱ्या बऱ्याच वेब सिरीज मला अशाच रीस्टार्ट केलेल्या वाटतात.

त्यामुळे पुढची रहस्यकथा संपवल्यावर एवढंच करून बघा. गुन्हेगाराच्या जागी दुसरं पात्र ठेवा. गोष्ट तरीही चालत असेल, तर लेखकाने शोध घेतलेला नाही, नुसता पिंजरा लावलाय.