बंदर कोणाला दिसते? : नागासाकीतील एका मुक्कामाच्या निमित्ताने

नागासाकीला जाण्याचे माझे कारण वसईचे होते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर आणखी २५ जणांसह क्रुसावर मारले गेले. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. आधी व्यापारी, मग दुभाषी, मग फ्रान्सिस्कन संघातले बंधू, असा त्यांचा प्रवास. १८६२ मध्ये रोमने त्या २६ जणांना संतपद दिले. मी ख्रिस्ती नाही. पण किल्ल्यातले त्यांच्या नावाचे चर्च आणि गावातले त्यांच्या नावाचे महाविद्यालय यांच्या पाट्या वाचत मोठा झालो. पुढे नकाशे आखणाऱ्या एका कचेरीत ट्रेसर म्हणून पंचवीस वर्षे काढली. वास्तुकलेचे जे काही वाचन झाले, ते तिथल्या डब्याच्या सुट्टीत. मी वाचलेल्या मराठी लेखनात गोन्सालोंची कथा टेकडीवर येऊन संपते. त्या टेकडीवरून काय दिसत होते, हे कोणी सांगत नाही. नकाशे गिरवण्यात ज्याचा चष्म्याचा नंबर वाढला, त्याला नेमका हाच प्रश्न पडावा, यात नवल नाही.

गेल्या नोव्हेंबरात तीन रात्री स्थानकाजवळच्या साध्या लॉजवर राहिलो. चौथ्या रात्रीसाठी मात्र वेगळे पैसे बाजूला ठेवले होते. बंदराच्या पश्चिमेला ३३३ मीटर उंचीचा इनासा डोंगर आहे. त्याच्या उतारावर ‘गार्डन टेरेस’ हे हॉटेल २००९ मध्ये उभे राहिले. आराखडा केंगो कुमा यांचा. ज्यांच्याविषयी पंधरा वर्षे वाचत होतो, त्या वास्तुविशारदाच्या इमारतीत एक रात्र झोपावे, एवढीच हौस.

हौस पुरी झाली, हे आधीच सांगून टाकतो. इमारतीची दर्शनी बाजू लाकडाची आहे आणि तिच्यात ओळ न पाळता चौकोनी भोके कापल्यासारख्या खिडक्या आहेत. आत शिरल्यावर कळते, की ती भोके बाहेरून दिसण्यासाठी नसून आतून पाहण्यासाठी आहेत. माझ्या खोलीचा चौकोन म्हणजे भिंतीवर टांगलेले चित्रच. साडेपाचच्या सुमारास त्यात दिवे उमटू लागले. आधी पाण्याकाठचे, मग समोरच्या डोंगरउतारांवरचे, शेवटी उजवीकडे बंदराच्या तोंडाशी असलेल्या मेगामी पुलाचे. नागासाकीचे बंदर हे लांबट, अरुंद खाडीसारखे आहे आणि तिन्ही बाजूंनी डोंगर अगदी पाण्यापर्यंत उतरतात. त्यामुळे इथले दिवे सपाट पसरत नाहीत, परडीत ओतल्यासारखे कडेने वर चढतात. २०१२ मध्ये हाँगकाँग आणि मोनॅको यांच्याबरोबर या शहराचे रात्रीचे दृश्य जगातल्या तीन सर्वोत्तम दृश्यांत निवडले गेले. ते का, हे खिडकीपाशी बसल्यावर कोणी समजावून सांगावे लागत नाही.

मी रात्री अकरापर्यंत बसून होतो. मध्येच लक्षात आले, की निशिझाका शोधायचे राहून गेले. दिवसा ती टेकडी तिच्या शेजारच्या चर्चच्या दोन नक्षीदार मनोऱ्यांवरून ओळखता येते. रात्री मनोरे नाहीत, टेकडी नाही, काही नाही, फक्त दिवे. ज्या माणसासाठी इतक्या दूर आलो, तो समोर असूनही त्याला पाच तास विसरलो होतो. हा लेख त्या अस्वस्थतेतून आला आहे.

पाहू देणे आणि पाहू न देणे

बंदर दिसणे ही निसर्गाने दिलेली गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो. नागासाकीचा इतिहास वाचताना हे गृहीतक टिकत नाही. इथे बंदर कोणाला दिसावे, हे जवळजवळ प्रत्येक काळात कोणीतरी ठरवलेले आहे.

गोव्याहून मलाक्का, मकाव करत येणाऱ्या पोर्तुगीज जहाजांसाठी हे बंदर १५७१ मध्ये खुले झाले. हिदेयोशीच्या हुकमावरून पकडलेल्या माणसांना क्योटोकडून ऐन हिवाळ्यात इथवर चालवत आणले गेले, कारण ख्रिस्ती वस्ती आणि परदेशी व्यापार दोन्ही इथे होते. तेव्हा समुद्राचे पाणी आजच्या रेल्वे स्थानकाच्या जागेपर्यंत होते. भराव नंतर पडला. म्हणजे निशिझाका हे पाण्यावर झुकलेले टोक होते. शिक्षा गावाला, रस्त्याला आणि बंदरातल्या जहाजांना दिसावी, अशीच ती जागा. माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळाले. टेकडीवरून बंदर दिसत होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बंदरातून टेकडी दिसत होती.

यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी नेमके उलटे घडले. माझ्या हॉटेलच्या पायथ्याशी मित्सुबिशीची गोदी आहे. १९०९ सालची तिथली प्रचंड क्रेन आजही उभी आहे आणि २०१५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. याच गोदीत १९३८ पासून ‘मुसाशी’ ही अजस्र युद्धनौका बांधली जात होती. डोंगरांनी वेढलेल्या गावात एवढे जहाज लपवायचे कसे? धक्क्याभोवती दोरखंडांचे प्रचंड पडदे सोडले गेले. पलीकडच्या काठावरच्या अमेरिकन आणि ब्रिटिश वकिलातींना गोदी दिसू नये म्हणून मध्ये एक गोदाम उभारले गेले. समोरच्या मिनामियामाते टेकडीवर थॉमस ग्लोव्हर या स्कॉटिश व्यापाऱ्याचा १८६३ सालचा बंगला आहे. तिथून गोदी थेट दिसते. १९३९ मध्ये तो बंगलाच मित्सुबिशीने विकत घेतला. अकिरा योशिमुरा यांनी १९६६ मध्ये या सगळ्यावर ‘सेन्कान मुसाशी’ हे पुस्तक लिहिले.

१ नोव्हेंबर १९४० रोजी जहाज पाण्यात सोडले, तेव्हा हवाई हल्ल्याच्या सरावाचे निमित्त करून लोकांना घरात थांबवले होते. जहाज घसरत पाण्यात उतरले आणि समोरच्या काठावर सुमारे १.२ मीटर उंचीची लाट आली. काठच्या घरांत पाणी शिरले. दारे-खिडक्या लावून बसलेल्या त्या माणसांना आपल्याच बंदरात काय घडले ते दिसले नाही, फक्त उंबऱ्यावरून आत आलेले पाणी दिसले. एखाद्या शहराच्या पाहण्याच्या हक्काविषयी यापेक्षा बोलकी घटना माझ्या वाचनात नाही.

आणि ९ ऑगस्ट १९४५. विमानाचे पहिले लक्ष्य कोकुरा होते. बॉम्ब डोळ्यांनी लक्ष्य पाहूनच टाकायचा, असा आदेश होता. कोकुरा दिसेना, म्हणून विमान नागासाकीवर आले. इथेही ढग होते. ढगांत फट पडली, खालचे काही दिसले आणि ११ वाजून २ मिनिटांनी उराकामीच्या खोऱ्यावर, सुमारे ५०० मीटर उंचीवर स्फोट झाला. वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४ हजार माणसे गेली. उराकामी ही कॅथलिकांची जुनी वस्ती, म्हणजे गोन्सालोंच्या धर्मबांधवांची. मधल्या डोंगरांनी बंदराकडच्या भागाला बराच आडोसा दिला. न दिसल्यामुळे एक शहर वाचले, आणि दिसल्यामुळे दुसरे गेले.

हरणारी इमारत

हा सगळा इतिहास हॉटेलने सांगावा, अशी माझी अपेक्षा नाही. हॉटेल म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे. माझा प्रश्न कुमा यांच्या विचाराविषयी आहे.

१९५४ मध्ये योकोहामात जन्मलेले कुमा यांनी २००४ मध्ये ‘माकेरु केन्चिकु’ हे पुस्तक लिहिले. त्याचा अर्थ साधारणपणे ‘हरणारी वास्तुकला’. ऐटीत उभ्या राहणाऱ्या, परिसराला दटावणाऱ्या इमारतींना त्यांचा विरोध आहे. इमारतीने हार मानावी. जागा, साहित्य, ऊन, पाऊस यांना वाट द्यावी. २००० सालच्या हिरोशिगे संग्रहालयात त्यांनी देवदाराच्या बारीक पट्ट्यांतून हे करून दाखवले आहे. इनासाच्या उतारावरही ते लाकूड वापरतात, स्वतःला मागे घेतात. खोलीत बसल्यावर इमारत जवळजवळ विसरली जाते. उरते ते दृश्य.

पण कोणापुढे हरायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो. डोंगरापुढे हरणे आणि ग्राहकाच्या खिडकीपुढे हरणे, या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. इमारत नम्र झाली की तिने घेतलेला निर्णयही नम्र होऊन दिसेनासा होतो. खिडकीचा चौकोन कुठे कापायचा, म्हणजे काय दाखवायचे आणि काय कडेला टाकायचे, हा निर्णयच आहे. माझ्या चौकोनात समोरचे उतार पुरेपूर होते. पायथ्याची गोदी पाहण्यासाठी काचेला गाल टेकवावा लागत होता. जाड काचेमुळे जहाजाचा भोंगासुद्धा ऐकू येत नव्हता. दोरखंडाचा पडदा झाकतो, हे सगळ्यांना कळते. चौकटसुद्धा झाकते, पण ती दाखवता दाखवता झाकते, म्हणून तिच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

हे कुमा यांच्यावर अन्यायाचे वाटेल, म्हणून त्यांचीच दुसरी इमारत साक्षीला काढतो. बंदराच्या पलीकडच्या काठावर, देजिमाजवळ, नागासाकी प्रांताचे कलासंग्रहालय आहे. २००५ साली पूर्ण झालेली ही इमारत निहोन सेक्केई या संस्थेबरोबर कुमा यांनीच आखली. मधून कालवा जातो, दोन बाजूंच्या इमारतींना काचेचा पूल जोडतो आणि वर गच्चीवर बाग आहे. त्या गच्चीवर जायला तिकीट लागत नाही. मी गेलो तेव्हा शाळेतून सुटलेली दोन मुले गवतावर दप्तरे टाकून भजीसारखे काहीतरी खात होती आणि एक म्हातारे गृहस्थ बंदराकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत होते. मला हे पाठ करून वाचणे फार आवडले. ज्याला बंदर रोज दिसते, तोच त्याच्याकडे पाठ करू शकतो. आम्ही हॉटेलातले पाहुणे मात्र मोजलेल्या रात्रीचा एकेक तास वसूल करत होतो.

वास्तुविशारद तोच, शहर तेच, बंदर तेच. फरक इतकाच, की गच्चीवर इमारत शहरापुढे हरली आहे आणि उतारावर ती दृश्यापुढे हरली आहे. पहिली हार मला मोठी वाटते. कुमा यांच्या सिद्धान्ताचे मूल्यमापन त्यांच्या लाकडी पट्ट्यांवरून पुष्कळ होते. ते अशा जोडीने व्हायला हवे.

दिव्याखालचे घर

सकाळी टॅक्सी न घेता उतारावरच्या पायऱ्यांनी खाली आलो. नागासाकीच्या डोंगरउतारांवरच्या कित्येक घरांपर्यंत मोटार जात नाही. गॅसची टाकी असो की गादी, माणसानेच वर न्यायची. गुडघे दुखू लागले की अशा घरात राहणे अवघड, आणि तरुण मुले कामासाठी बाहेरगावी. शहराची लोकसंख्या आता ४ लाखांच्या आसपास आहे आणि ती घटते आहे. उतरताना कितीतरी घरे बंद दिसली. एका दाराशी विजेचा मीटर काढून नेल्याचा चौकोनी डाग भिंतीवर राहिला होता. रात्री मी जे पाहत होतो, ते अशाच उतारांवरचे दिवे होते. त्यांतला प्रत्येक म्हणजे कोणीतरी अजून पायऱ्या चढू शकते, याची खूण. आणि ज्या अंधाऱ्या पट्ट्यांमुळे चित्राला खोली आली असे मला वाटले होते, त्यांतल्या काही अशाच बंद घरांच्या असणार. दृश्याला दिवे लागतात. दिव्यांना माणसे लागतात. चौकोनी खिडकीतून पहिली गोष्ट दिसते, दुसरी दिसत नाही.

निघण्याच्या आधी पुन्हा निशिझाकाला गेलो. तिथले स्मारक आणि संग्रहालय १९६२ मध्ये, संतपदाच्या शताब्दीला उभे राहिले. आराखडा केन्जी इमाई यांचा, ब्राँझच्या २६ आकृती यासुताके फुनाकोशी यांच्या. आकृती एका रांगेत आहेत, पाय जमिनीला न टेकलेले, तोंडे वर. मी भिंतीला पाठ लावून त्यांच्यासारखाच उभा राहिलो. आता समोर स्थानक आणि त्याभोवतीच्या इमारती येतात. पाणी भरावाने दूर नेले आहे. ज्या जागेवरून बंदर दिसावे म्हणून २६ माणसांना उभे केले, तिथून आज बंदर पाहायचे तर कल्पनाच करावी लागते.

घरी परतलो तेव्हा वसई स्थानकाबाहेर नव्या टॉवरची पाटी लागलेली होती. खाडी दिसणाऱ्या फ्लॅटचा दर वेगळा होता, न दिसणाऱ्याचा वेगळा. ती पाटी मी या आधीही शंभरदा वाचली असेन. या वेळी थांबून, त्या टॉवरमागच्या चाळीतून खाडी दिसायची का, ते आठवू लागलो. दिसायची. दुसऱ्या मजल्यावरच्या सामाईक गॅलरीतून, कपडे वाळत घालताना.