‘माझी माणसे’: युद्धकथनातील तरुण अधिकारी आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

मराठी वाचकाला युद्धाचा परिचय झाला तो मुख्यतः बखर, पोवाडा आणि ऐतिहासिक कादंबरी यांच्या द्वारे. या तिन्ही प्रकारांत निवेदकाची दृष्टी प्रायः सेनानीवर, सरदारावर किंवा एखाद्या वीरावर स्थिरावते. शिपाई येतो तो बहुधा संख्येच्या रूपाने. आधुनिक मराठी कादंबरीतील एक श्रेष्ठ कृती ‘रणांगण’ (१९३९) हे नाव धारण करते, परंतु विश्राम बेडेकरांची ही कादंबरी घडते ती युरोपातून परतणाऱ्या बोटीवर. सेनानी आणि शिपाई यांच्या मधोमध उभा असलेला, हाताखाली तीस-चाळीस माणसे घेऊन प्रत्यक्ष खंदकात उतरलेला तरुण अधिकारी मात्र आपल्या समीक्षेच्या चर्चेत फारसा आलेला नाही. विसाव्या शतकातील युरोपीय-अमेरिकी युद्धसाहित्याचा मोठा भाग याच अधिकाऱ्याने लिहिलेला आहे, ही बाब लक्षात घेतली म्हणजे या उपेक्षेचे गांभीर्य जाणवते.

प्रस्तुत निबंधात अशा तीन आत्मपर कृतींचा विचार केला आहे : एर्न्स्ट युंगर यांचे ‘इन श्टालगेविटर्न’ (१९२०), सिगफ्रीड ससून यांचे ‘मेमॉयर्स ऑफ ॲन इन्फन्ट्री ऑफिसर’ (१९३०) व त्याचा पुढील भाग ‘शेर्स्टन्स प्रोग्रेस’ (१९३६), आणि फिलिप कपुटो यांचे ‘अ रूमर ऑफ वॉर’ (१९७७). शौर्य किंवा युद्धविरोध या रूढ निकषांवर त्यांची प्रतवारी लावण्याचा येथे उद्देश नाही. या लेखनप्रकाराचा कणा असलेला ‘माझी माणसे’ हा शब्दप्रयोग कोणत्या अर्थाने येतो आणि त्या षष्ठीचा हिशेब लेखक कोणापुढे मांडतो, एवढाच प्रश्न विचारावयाचा आहे.

१

प्लाटूनचा अधिकारी हा मधला माणूस असतो. आज्ञा वरून येते, ती त्याने घडवलेली नसते. तिची किंमत खालची माणसे मोजतात आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत मोजली जाते. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैन्यात या अधिकाऱ्याची नित्यकर्मे पाहिली तर त्यांत लढाईपेक्षा घरकामाचा अंश अधिक दिसतो. चिखलात कुजू नयेत म्हणून शिपायांचे पाय तपासणे, रमचे वाटप आपल्या देखत करवून घेणे, शिपायांची घरी जाणारी पत्रे वाचून त्यांतील लष्करी मजकूर खोडणे आणि शिपाई मेला की त्याच्या घरी स्वतःच्या हाताने पत्र लिहिणे, अशी ही कामे. शाळेतून किंवा विद्यापीठातून नुकताच आलेला तरुण आपल्याहून वयाने थोर असलेल्या, अनेकदा लेकुरवाळ्या माणसांचा अशा रीतीने पालक होतो.

यांतील पत्रांची बाब समीक्षेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. शिपायाचे शब्द अधिकाऱ्याच्या नजरेखालून गेल्यावाचून घरी पोहोचत नसत. पुढे आत्मकथन लिहिताना हाच अधिकारी शिपायाच्या वतीने बोलतो, तेव्हा तो एका अर्थी तेच काम निराळ्या पातळीवर चालू ठेवीत असतो. ‘माझी माणसे’ या शब्दांत मालकी, माया आणि जबाबदारी असे तीन अर्थ एकवटलेले आहेत, आणि उपरोक्त तीन लेखकांत त्यांचे प्रमाण वेगवेगळे आहे.

२

युंगर १९१४ साली वयाच्या एकोणिसाव्या वर्षी सैन्यात दाखल झाला व पुढल्याच वर्षी अधिकारी झाला. युद्धानुभवाकडे नैसर्गिक उत्पातासारखे, जवळजवळ निर्विकार कुतूहलाने पाहणारा लेखक अशी त्याची ख्याती आहे, आणि ती निराधार नाही. परंतु मार्च १९१८ च्या मोठ्या जर्मन चढाईच्या तोंडावरील एक प्रसंग या ख्यातीला छेद देतो. आघाडीकडे सरकत असलेली त्याची कंपनी एका विवरात थांबलेली असताना नेमका तेथेच तोफगोळा पडतो. प्रथम युंगर भयाने धावत सुटतो. मग स्वतःला सावरून परततो. दीडशेच्या आसपास माणसांपैकी त्रेसष्ट उरली आहेत हे कळल्यावर तो जमिनीवर कोसळून रडू लागतो, आणि उरलेली माणसे खिन्नपणे भोवती उभी राहतात.

संपूर्ण पुस्तकात अधिकारी माणसांकडे पाहतो. येथे माणसे अधिकाऱ्याकडे पाहतात. दृष्टीची ही उलटापालट युंगरने लपवलेली नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे. मात्र लगेच पुढे चढाईचे वर्णन सुरू होते, रक्ताची धुंदी चढते आणि मघाचे अश्रू त्या धुंदीचे इंधन ठरतात. छायाचित्रातील आपले कुटुंब दाखवणाऱ्या शत्रूला तो जिवंत सोडतो, हेही त्याच ओघात येते. शत्रूचे कुटुंब त्याला दिसते. गोळ्याखाली गेलेल्या आपल्या माणसांची कुटुंबे मात्र निवेदनात जवळजवळ येत नाहीत. या पुस्तकाचे त्याने पुढील दशकांत अनेकदा पुनर्लेखन केले, त्यातील राष्ट्रवादी सूर कधी चढवला, कधी उतरवला; परंतु हा हिशेब कोणाला द्यावयाचा आहे, अशी शंका निवेदकाला शिवत नाही. येथे ‘माझी’ या शब्दात मायेचा क्षण येऊन जातो, पण अखेर वर्चस्व मालकीचेच राहते.

३

ससून या तिघांत वयाने थोरला आणि नैतिक दृष्ट्या सर्वांत अस्वस्थ. जॉर्ज शेर्स्टन या कल्पित नावाआडून त्याने सांगितलेली हकीकत त्याच्या स्वतःच्या चरित्राशी बरीच मिळतीजुळती आहे. लष्करी सन्मान मिळवलेल्या या अधिकाऱ्याने १९१७ साली युद्ध विनाकारण लांबवले जात असल्याचा आरोप करणारे जाहीर निवेदन काढले. ते ३० जुलै रोजी ब्रिटिश संसदेत वाचले गेले. त्याच्यावर खटला भरण्याऐवजी त्याला एडिंबरोनजीकच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. रिव्हर्स यांच्या देखरेखीखाली पाठवण्यात आले. तेथून तो स्वेच्छेने आघाडीवर परतला. जुलै १९१८ मध्ये त्याच्याच बाजूच्या सैनिकाने शत्रू समजून झाडलेली गोळी त्याच्या डोक्याला चाटून गेली आणि त्याचे युद्ध संपले.

हे परतणे हा या कथनाचा खरा पेच आहे. निवेदन काढताना तो शिपायांच्या वतीने बोलतो आणि परतताना शिपायांसाठी परततो. युद्ध अन्यायाचे आहे ही त्याची धारणा बदललेली नसते. तरी आपण सुरक्षित आहोत आणि आपली माणसे तेथे आहेत, हे त्याला सोसवत नाही. वाचक म्हणून आपण या निर्णयाने हेलावतो. तरीही दोन प्रश्न विचारणे भाग आहे. ज्यांच्या वतीने निवेदन काढले त्यांना त्याने विचारले होते काय? आणि ज्या युद्धाला तो चूक म्हणतो ते चालू राहते ते त्याच्यासारख्या मायाळू अधिकाऱ्यांमुळेच, हे त्याला दिसते काय? वरिष्ठांवर विश्वास न उरलेला शिपाई आपल्या लेफ्टनंटवर विश्वास ठेवून खंदकाबाहेर पडतो. ज्या व्यवस्थेला ससून नाकारतो तिला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे त्याचे आपल्या माणसांवरील प्रेम. या विसंगतीच्या जवळ तो उपरोधाच्या वाटेने येतो, स्वतःच्या भाबडेपणाला हसतो. पण तिच्या तळाशी जात नाही. त्याच्या लेखनाची उंची आणि मर्यादा, दोन्ही येथेच आहेत.

४

वाङ्मयीन घडणीच्या दृष्टीने कपुटोचे पुस्तक ससूनच्या तोडीचे नाही. त्याची शैली अनेक ठिकाणी वृत्तपत्री होते. परंतु प्रस्तुत प्रश्नापुरते ते तिघांत सर्वांत धीट आहे, असे माझे मत आहे. ८ मार्च १९६५ रोजी दानांग येथे उतरलेल्या अमेरिकी मरीन तुकडीबरोबर हा तेवीस वर्षांचा लेफ्टनंट व्हिएतनाममध्ये आला. काही काळ त्याच्याकडे मृत व जखमींच्या नोंदी ठेवण्याचे काम होते. दोन्ही बाजूंच्या मृतांचे आकडे फलकावर लिहावे लागत. पुढे तो स्वतःच्या मागणीवरून लढाऊ कंपनीत परतला.

पुस्तकाचा कळस म्हणजे एका खेड्यातून दोन संशयितांना पकडून आणण्यासाठी त्याने आपली माणसे पाठवली तो प्रसंग. आज्ञा पकडण्याची होती, गरज पडल्यास मारण्याची मुभा होती. दोघेही मारले गेले, आणि त्यांच्यातील एक तर माहिती पुरवणाराच तरुण निघाला. कपुटोवर खुनाचा आरोप ठेवला गेला. पुढे तो मागे घेतला जाऊन लेखी ताशेऱ्यावर प्रकरण मिटले. कायद्याने सोडले तरी लेखकाने स्वतःला सोडलेले नाही. त्या दोघांनी मरावे अशी आपली आतली इच्छा होती आणि शब्दांत न आलेली ती इच्छा आपल्या माणसांनी ओळखली, असे तो कबूल करतो.

नेतृत्वाविषयीचे हे आकलन युंगर वा ससून यांच्यापाशी नाही. अधिकारी आणि माणसे यांच्यातील जवळीक एवढी वाढते की तोंडाने दिलेल्या आज्ञेखालची न बोललेली आज्ञाही पाळली जाते. ज्याला आपण एरवी तुकडीचा एकजीवपणा म्हणून गौरवतो, त्याचीच ही काळी बाजू. कपुटोच्या हिशेबात दोन परके मृतही येतात, आणि आपल्यामुळे आरोपी ठरलेली आपली माणसेही. मालकी आणि माया यांच्या पलीकडचा तिसरा अर्थ, जबाबदारीचा, येथे प्रथमच पूर्णांशाने उच्चारला जातो.

५

तरीही हे तिन्ही आवाज अधिकाऱ्यांचे आहेत. मराठी समीक्षकाला हे सहज जाणवावे, कारण ‘बलुतं’पासून (१९७८) सुरू झालेल्या दलित आत्मकथनांच्या चर्चेने अनुभव कोणाचा आणि लेखणी कोणाची, हा प्रश्न आपल्याला विचारावयास शिकवले आहे. कळवळ्याने केलेले प्रतिनिधित्वही प्रतिनिधित्वच असते.

या प्रश्नाची दुसरी बाजू मुल्कराज आनंद यांच्या ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ (१९४०) या इंग्रजी कादंबरीत दिसते. फ्रान्सच्या खंदकांत लढणारा पंजाबी शेतकऱ्याचा मुलगा लालू हा तिचा नायक. लालूच्या जगात किरपू ‘काका’ आहे, धनू ‘बाबा’ आहे. अधिकाऱ्याच्या ‘माझी माणसे’ या कुटुंबाखाली शिपायांचे आपले असे एक कुटुंब आहे, आणि त्याची अधिकाऱ्याला कल्पनाही नाही. आनंद स्वतः शिपाई नव्हते, सैन्यातील माणसाचे पुत्र होते; तेव्हा हाही अखेर मध्यस्थाचाच आवाज. फ्रान्समधील हिंदी शिपायांची प्रत्यक्ष पत्रे आपल्यापर्यंत आली ती बहुतांशी परीक्षण-खात्याने केलेल्या इंग्रजी उताऱ्यांच्या रूपात. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातील कूत येथे शरण गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. त्या वेढ्यातील उपासमारीची हकीकत आपण वाचतो ती मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतून. मराठी बोलणारी ही माणसेही कोणाची तरी ‘माझी माणसे’ होती.

१९९९ च्या कारगिल युद्धानंतर तरुण अधिकाऱ्यांवरील शौर्यकथांचे मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्या युद्धातील चार परमवीर चक्रांपैकी दोन कॅप्टन मनोज पांडे व कॅप्टन विक्रम बात्रा या चोवीस-पंचविशीतल्या अधिकाऱ्यांना मरणोत्तर मिळाली. उरलेली दोन योगेंद्रसिंह यादव आणि संजय कुमार या जवानांना. या बलिदानांविषयी आदर बाळगूनही त्यांवरील लेखनाची चिकित्सा करता येते, आणि ती केली पाहिजे. आपल्या सैन्यात नवा लेफ्टनंट आपल्या वडिलांच्या वयाच्या सुभेदाराला ‘साहेब’ म्हणतो. हुद्दा एकाकडे आणि अनुभव दुसऱ्याकडे, हे त्या एका संबोधनात मान्य केलेले असते. सुभेदारसाहेबांना त्या रात्री काय दिसले, ते लिहून घेण्याचे काम मात्र आपल्याकडे अद्याप पुष्कळसे बाकी आहे.