साहसी कोण?

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या १८८२ सालच्या निबंधाला एक लांबलचक उपशीर्षक आहे. स्त्रिया आणि पुरुष यांच्यात ‘साहसी’ कोण, हे स्पष्ट करून दाखवण्यासाठी हा निबंध आहे, असं ते सांगतं. आज ‘साहसी’ म्हटलं की डोळ्यांसमोर एकटी हिमालयात जाणारी मुलगी येते, नाहीतर महिला दिनाच्या पोस्टरवरची तलवार घेतलेली राणी. ताराबाईंच्या काळात या शब्दाला दुसरीही धार होती. मागचा-पुढचा विचार न करता केलेलं वाईट कृत्य म्हणजेही साहस. त्यामुळे त्यांचा प्रश्न शौर्याचा नाहीच. खरा दोषी कोण, असं त्या विचारतायत.

हा प्रश्न हवेतून आला नव्हता. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःच्या नवजात बाळाला मारल्याचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी होत होत पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती बायकांच्या बिघडत्या चालचलनाची. ते मूल एकट्या बाईचं नव्हतं आणि तिला पुन्हा लग्न करायची मुभाही नव्हती, हे मात्र बाजूलाच राहिलं. बुलढाण्यात राहणाऱ्या, सत्यशोधक विचारांच्या वडिलांनी घरीच शिकवलेल्या ताराबाईंना हे सहन झालं नाही. त्यांनी लिहिलं आणि पुण्यात छापून घेतलं.

निबंधाची रीत साधी आहे. स्त्रीनिंदेच्या एका जुन्या संस्कृत श्लोकात बाईच्या अवगुणांची यादी आहे, आणि त्या यादीत साहसही आहे. ताराबाई एकेक आरोप उचलतात आणि पुरुषाला त्याच्या शेजारी उभं करतात. बायका कपटी? मग बाहेरच्या जगातली फसवाफसवी, लाचखोरी कोण करतं? बायकांनी पातिव्रत्य पाळायचं? मग पहिली बायको जाताच दुसरी आणणाऱ्याने काय पाळलं? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. बायकोसाठी त्या वाटेला गेलेला एक तरी पुरुष दाखवा, असं त्यांचं आव्हान आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून मला ही रीत लगेच ओळखीची वाटली. दोन सिस्टीमची तुलना करायची तर दोन्हींवर तीच टेस्ट चालवावी लागते. एकीवरच चालवली आणि दुसरी पास झाली असं जाहीर केलं, तर त्याला तुलना म्हणत नाहीत.

निबंध म्हणून यात उणिवा आहेत. मुद्दे पुन्हा पुन्हा येतात, क्रम सुटतो, एका वाक्यात देवाला जाब विचारता विचारता पुढच्यात त्या पुरुषांवर घसरतात. भाषा पुस्तकी नाही, तोंडावर बोलणाऱ्या बाईची आहे: तिखट, थट्टेखोर, मध्येच गहिवरणारी. आणखी एक आक्षेप घेता येतो. ताराबाई लग्नसंस्था किंवा पातिव्रत्य सरळ मोडीत काढत नाहीत. नवऱ्यानेही तसंच वागावं, इथपर्यंत त्या येतात. आजच्या मापाने हे पाऊल लहान वाटेल.

मला मात्र निबंधाचं बळ इथेच दिसतं. ताराबाई बाईला देवी करत नाहीत. बायकांमध्ये दोष नाहीतच, असा दावा त्या करत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की मोजायचं तर दोघांना एकाच मापाने मोजा. स्वतःची किंमत ओळखणं म्हणजे मी किती थोर आहे हे पटवून देणं नव्हे. माझ्यासाठी वेगळी फूटपट्टी चालणार नाही, एवढं म्हणता येणं पुरतं. माणूस म्हणून मान मिळवायला त्यागाची मूर्ती व्हावं लागत असेल, तर तो मान नाही, अट आहे.

स्त्रीच्या ‘आतल्या ताकदी’बद्दल आज जे लिहिलं जातं, ते वाचताना म्हणूनच मी थबकतो. ती किती सोसते, घर आणि नोकरी दोन्ही कशी सांभाळते, तरी हसत असते. आयटी कंपन्यांमध्ये ८ मार्चला गुलाब वाटतात, ‘सुपरवुमन’चा केक कापतात. मग अप्रेझल येतं, आणि मीटिंगमध्ये आवाज चढवणारा तो ‘ठाम’ ठरतो, ती ‘ॲग्रेसिव्ह’. कौतुक फुकट असतं. तिच्या सहनशक्तीचे गोडवे गायले की ओझं उचलायला हात लावावा लागत नाही. ताराबाईंच्या काळात ‘साहस’ हा बाईवरचा आरोप होता, आज ते प्रशस्तिपत्रक आहे. दोन्ही वेळा बोललं जातं ते तिच्याबद्दलच, आणि शेजारी उभा असलेला तो मोजमापातून सुटतो.

निबंधाचं पुढे काय झालं, हेही बघायला हवं. त्यावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. निबंध विस्मरणात गेला आणि स. गं. मालशे यांनी तो पुन्हा वाचकांसमोर आणला तो थेट १९७५ मध्ये. मधे जवळजवळ ९३ वर्षं गेली. जिने इतकं लिहिलं, तिच्या आत ताकद कमी होती असं कुणी म्हणणार नाही. कमी पडलं ते बाहेर: ऐकणारे, छापणारे, वाद तरी घालणारे. लिहून झाल्यावरही बाईला बळ लागतं, आणि ते बळ तिने एकटीने कुठून आणायचं?

निबंध मोठा नाही, एका बैठकीत वाचून होतो. जुन्या मराठीमुळे पहिली दोन-चार पानं अडखळायला होईल, मग तो आवाज कानात बसतो. ‘केवढी धाडसी बाई’ असं म्हणून लगेच त्यातली वाक्यं स्टेटसला टाकू नका. आधी त्यातला एखादा प्रश्न घ्या आणि आपल्या घरात, आपल्या टीममध्ये तो दोघांनाही विचारून बघा.