कान्तारेची चाल

कोष्टक पाठ करायचं असतं, वाचायचं नसतं, असा आपला शाळेपासूनचा समज. इटालियन व्याकरणाच्या पुस्तकांत क्रियापदांची कोष्टकं पानंच्या पानं भरून असतात. लोक त्यातल्या अनियमित क्रियापदांशी झुंजतात, कारण ती छळतात. नियमित क्रियापद आरंभी नमुना म्हणून छापलेलं असतं, आणि नमुन्याकडे दुसऱ्यांदा कोण बघतो? मला मात्र या भाषेची खरी कारागिरी अशा सरळमार्गी क्रियापदातच दिसते. अट एवढीच, की कोष्टक मोठ्याने म्हणायचं आणि कान उघडे ठेवायचे.

रसग्रहणासाठी ‘कान्तारे’ घेऊ. अर्थ, गाणे. इटालियन क्रियापदांचे तीन गण: ‘आरे’, ‘एरे’ आणि ‘इरे’ने संपणारे. कान्तारे पहिल्या गणातलं, आणि कुठलाही नियम न मोडणारं.

वर्तमानकाळ असा: कान्तो, कान्ती, कान्ता, कान्त्यामो, कान्ताते, कान्तानो. मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते. सर्वनामं मी सांगितली. इटालियन माणूस ती बहुतेक वेळा तोंडातून काढतच नाही, शेवटच्या स्वरावर भागवतो. मराठीत ‘गातो’ म्हटलं की गाणारा पुरुष हे कळतं, पण तो ‘मी’ की ‘तो’ हे कळत नाही. ‘कान्तो’चं बरोब्बर उलट: ‘मी’ अगदी पक्का, बाई की बुवा ते गुलदस्त्यात. (‘कान्ता’ ऐकून मराठी मन भलतीकडे जाईल. जाऊ द्यावं, लवकर परत येतं.)

आता कान लावा. पहिल्या तिन्ही रूपांत आघात ‘कान्’वर आहे. चौथ्यात तो पुढे सरकून ‘त्या’वर बसतो, पाचव्यात ‘ता’वर. सहाव्याला तो तसाच पुढे राहील असं वाटतं, शिकणारे हमखास ‘ता’वर जोर देतात, आणि तिथेच फसतात. कारण ‘कान्तानो’त आघात पुन्हा ‘कान्’वर उडी मारतो. सम आधीच येऊन जाते आणि उरलेल्या दोन मात्रा हलक्या हाताने वाजतात. धातू लांब असला की ही गंमत आणखी वाढते. ‘ते फोन करतात’ म्हणजे ‘तेलेफोनानो’. आघात ‘ले’वर, आणि मागे ‘फोनानो’ ही तीन अक्षरं बिनवजनाची घरंगळत येतात. इटालियन बोलणं गाण्यासारखं वाटतं असं म्हणतात ते याच अनेकवचनांमुळे, असं माझं ठाम मत आहे. ‘स्वरान्त शब्द’ हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं.

या ओळीत एक पाहुणाही लपलेला आहे. ‘आम्ही गातो’चं लॅटिन ‘कान्तामुस्’, त्यापासून सरळ यायला हवं होतं ‘कान्तामो’. जुन्या तोस्कानात ते होतंही. रोमच्या बोलीत आजही आहे. ‘यामो’ हा प्रत्यय मुळात विध्यर्थाच्या घरातला. फिरेंझेच्या लोकांनी तो उचलून तिन्ही गणांच्या साध्या वर्तमानकाळात बसवला, आणि फिरेंझेची बोली प्रमाण ठरल्यामुळे तोच नियम झाला. नियमित म्हणून मिरवणाऱ्या कोष्टकातलं चौथं रूप उसनं आहे!

अपूर्ण भूतकाळ मला सगळ्यांत देखणा वाटतो. कान्तावो, कान्तावी, कान्तावा, कान्तावामो, कान्तावाते, कान्तावानो. एक ‘व’ सहाही रूपांतून वाहत जातो. या काळातल्या क्रियेला आरंभ नसतो, शेवट नसतो. ती चालू असते किंवा पुन्हा पुन्हा घडत असते. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागू नये. ‘ती पहाटे उठे, दळण घेई, ओव्या गाई’ हा आपला रीतिभूतकाळ म्हणजे थेट ‘कान्तावा’. फरक असा, की आपण तो जुन्या गोष्टींपुरता ठेवला आहे, आणि इटालियन माणूस कालच्या पावसाबद्दल बोलतानाही हा काळ वापरतो.

यातल्या पहिल्या रूपाची एक हकिगत आहे. लॅटिन ‘कान्ताबाम्’पासून आलं होतं ‘कान्तावा’, म्हणजे ‘मी गाई’ आणि ‘तो गाई’ दोन्ही सारखेच. बोलणाऱ्यांनी वर्तमानकाळातल्या ‘कान्तो’कडे बघून ‘मी’ला ‘ओ’ लावला. पुस्तकी भाषा शतकानुशतकं ‘आ’ला चिकटून राहिली. आलेस्सांद्रो मान्झोनी मिलानचा; ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ ही कादंबरी त्याने 1827 साली प्रसिद्ध केली, मग फिरेंझेच्या जिवंत बोलीला धरून ती पुन्हा घासूनपुसून काढली. 1840–42च्या आवृत्तीत त्याने हा बोलीतला ‘ओ’ स्वीकारला. पुढे शाळाशाळांतून तीच कादंबरी वाचली गेली आणि ‘ओ’ कोष्टकात कायमचा बसला.

मग येतो दूरचा भूतकाळ. कान्ताई, कान्तास्ती, कान्तोऽ, कान्ताम्मो, कान्तास्ते, कान्तारोनो. तिसऱ्या रूपापाशी थांबा. ‘कान्तो’, आघात ‘कान्’वर: मी गातो. ‘कान्तोऽ’, आघात ‘तो’वर: तो गायला. अक्षरं तीच, जोर एका अक्षराने सरकला की माणूस बदलतो आणि काळही बदलतो. लिहिताना शेवटच्या स्वरावर तिरपी रेघ देतात, बोलताना सगळा भार गळ्यावर. अपूर्ण भूतकाळाचं वाहतेपण इथे नावाला नाही. गायला, संपलं. उत्तर इटलीत हा काळ बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. तिथे बालपणीची गोष्टही ‘ओ कान्तातो’, म्हणजे ‘गायलो आहे’ अशा जोडकाळात सांगतात. सिसिलीत मात्र आज सकाळचं गाणंही ‘कान्ताई’ होऊ शकतं. कादंबऱ्या आणि इतिहासाची पुस्तकं या काळाशिवाय चालत नाहीत. माझं मत विचाराल तर उत्तरेकडच्यांचं यात नुकसानच झालं आहे.

भविष्यकाळाची घडण कळली की कोष्टकाचा सांधा दिसतो. लॅटिनचा जुना भविष्यकाळ झिजून गेला, तेव्हा लोक ‘कान्तारे हाबेओ’ म्हणू लागले: गायचं आहे मला. हे सहायक क्रियापद हळूहळू मागच्या शब्दात विरघळलं आणि झालं ‘कान्तेरोऽ’. आपल्या डोळ्यांदेखत ‘गातो आहे’चं ‘गातोय’ झालं, तसंच. 7व्या शतकातल्या फ्रेडेगारच्या इतिवृत्तात या नव्या घडणीचा फार जुना पुरावा सापडतो. हरलेला पारशी राजा म्हणतो, प्रांत देणार नाही. सम्राट जस्टिनियन उत्तरतो ‘दारास्’, देशील! म्हणून त्या जागी वसलेल्या नगराचं नाव दारास् पडलं, अशी ती कथा. व्युत्पत्ती म्हणून तिला किंमत नाही, पण त्या एका शब्दात लॅटिनपासून आलेल्या पुढच्या बहुतेक रोमान्स भाषांची भविष्यकाळाची रूपं दिसतात. ‘कान्तारे’तला ‘ता’ इथे ‘ते’ झाला, तीही फिरेंझेची खोड. शेजारचं सिएना ‘आ’ धरून बसलं होतं.

आता ‘आहे’च्या जागी ‘होतं’ ठेवून बघा. गायचं आहे, हा भविष्यकाळ. गायचं होतं, यात मात्र काहीतरी आड आलेलं आहे, हे मराठी माणसाला न सांगता कळतं. इटालियनने नेमका हाच भूतकाळ जोडून संकेतार्थ उभा केला: कान्तेरेई, कान्तेरेस्ती, कान्तेरेब्बे, कान्तेरेम्मो, कान्तेरेस्ते, कान्तेरेब्बेरो. गाईन की, पण. हा ‘पण’ प्रत्ययातच शिजलेला आहे. ‘आम्ही गाऊ’ म्हणजे कान्तेरेमो. ‘गायलो असतो’च्या अलीकडचं ‘गाऊ, जर जमलं तर’ म्हणजे कान्तेरेम्मो. एका ‘म’च्या दुप्पट होण्याने वचनाची अडचण होते. इंग्रज विद्यार्थी इथे हैराण होतात. आपण पता आणि पत्ता, पका आणि पक्का यांत वाढलेलो, आपल्याला ते फुकटात ऐकू येतं.

उरला विध्यर्थ, आणि त्याचीच इटलीत सगळ्यांत जास्त थट्टा होते. वर्तमानातली रूपं कान्ती, कान्ती, कान्ती, कान्त्यामो, कान्त्याते, कान्तीनो. एकवचनं तिन्ही सारखी. इथे सर्वनामाची गरज पडते. यात एक खुबीदार अदलाबदल आहे. ‘आरे’ गण विध्यर्थात ‘ई’ घेतो, आणि ‘एरे’, ‘इरे’ हे गण ‘आ’ घेतात. साध्या वर्तमानकाळात मात्र ‘तो’चा ‘आ’ ‘आरे’ गणाचा असतो. आदराने कुणाला ‘आपण गावं’ म्हणायचं तर हाच विध्यर्थ, ‘कान्ती’. ‘आपण चेंडू मारावा’ म्हणायचं तर क्रियापद ‘बात्तेरे’, म्हणून हवं ‘बात्ता’. लुचानो साल्चेच्या 1975च्या ‘फान्तोत्झी’ चित्रपटात धुक्यातल्या टेनिसच्या मैदानावर कारकून फिलीनी आपल्या सहकाऱ्याला ‘बात्ती’ म्हणतो. सहकारी, म्हणजे पाओलो विल्लाज्जोने साकारलेला फान्तोत्झी, चपापून विचारतो, मला अरेतुरे करता की काय? नाही नाही, म्हणतो फिलीनी, आपल्यालाच म्हणतोय. अच्छा, विध्यर्थ! असा त्यावर समाधानाचा निःश्वास. विनोद सगळा पहिल्या गणाचा ‘ई’ दुसऱ्या गणाला चिकटवण्यात आहे. व्याकरणाच्या एका स्वरावर थिएटर हसतं, ही त्या समाजाची श्रीमंती मानायला हवी.

भूत विध्यर्थ ‘कान्तास्सी, कान्तास्से, कान्तास्सेरो’ हा संकेतार्थाचा जोडीदार. ‘मी गायलो तर’ला हा, ‘तू रडशील’ला तो. जोडकाळांवर फार बोलण्यासारखं नाही: सहायक क्रियापद बदलत राहतं, ‘कान्तातो’ जागचा हलत नाही. त्यातला ‘एब्बी कान्तातो’ तर पुस्तकाबाहेर क्वचितच दिसतो. धातुसाधितं मात्र घर सोडून स्वतःचा संसार थाटून बसली आहेत. ‘कान्तान्ते’ म्हणजे गाणारा, तोच आज गायक. ‘कान्ताता’ म्हणजे गायलेली, तोच एक संगीतप्रकार. ‘कान्तो’ हे नाम म्हणूनही चालतं. दान्तेच्या ‘कोम्मेदिया’चे 100 सर्ग म्हणजे 100 कान्तो, आणि लेओपार्दीने 1831 साली आपल्या कवितासंग्रहाला नाव दिलं ‘कान्ती’.

हे सारं जुन्या सामानाचं दालन आहे असं मात्र समजू नये. ‘एरे’ गणात आता नवं क्रियापद येत नाही, ‘इरे’त क्वचित एखादं. संगणकाच्या बटणाबरोबर आलेलं ‘क्लिक्कारे’, गप्पांचं ‘चात्तारे’, शोधाचं ‘गूग्लारे’, सगळी या पहिल्या गणातच दाखल झाली, आणि आल्या दिवसापासून कान्तारेची सगळी रूपं बिनतक्रार घेतात: क्लिक्को, क्लिक्की, क्लिक्का, क्लिक्क्यामो, क्लिक्काते, क्लिक्कानो. शेवटच्यात आघात ‘क्लिक्’वर.