‘वृद्धिघटक’ व त्याचे मापन : एक परिभाषाविचार

बीड जिल्ह्यातील सिरसाळ्यासारख्या गावाहून विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्यास ‘वाढ’ या शब्दाचा परिचय पुस्तकातून होत नाही. तो कापसाच्या शेतातून होतो. फवारणीच्या औषधांत ‘वाढसंजीवक’ असते हे त्यास ठाऊक असते. पुढे जीवरसायनाच्या वर्गात ‘वृद्धिघटक’ हा शब्द कानी पडला, की दोन्ही वस्तू एकाच जातीच्या असाव्यात अशी त्याची समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ऑक्सिन, जिबरेलिन यांसारखी संजीवके लहान रेणूंची असतात. मानवी वृद्धिघटक हे प्रथिन असून ते पेशीच्या पृष्ठावरील विशिष्ट ग्राहीस जखडते आणि पेशीकडून कार्य करवून घेते. हा भेद परिभाषेने दाखवावयास हवा होता. तो तिने दाखविलेला नाही.

‘घटक’ हा शब्दच येथे विचारार्ह आहे. व्युत्पत्तीने पाहता घटक म्हणजे घडवून आणणारा. संस्कृतात विवाह जुळविणाऱ्यासही घटक म्हणत. परंतु प्रचलित मराठीत घटक राज्य, घटक पक्ष, पाठ्यपुस्तकातील घटक अशा प्रयोगांनी त्याचा अर्थ ‘अंगभूत भाग’ असा रूढ झाला आहे. इंग्रजी ‘फॅक्टर’च्या मुळाशी ‘करणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. त्या दृष्टीने ‘वृद्धिकारक’ हा पर्याय अधिक सरस ठरतो, कारण व्याकरणातील कारक क्रियेच्या सिद्धीशीच संबद्ध असते. (पाणिनीच्या अष्टाध्यायीचा आरंभच ‘वृद्धि’ या शब्दाने होतो, मात्र तेथील वृद्धी स्वरांची आहे, एवढे वैयाकरणांच्या समाधानासाठी नमूद करणे पुरे.)

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे, हे मापनाच्या इतिहासावरून दिसून येते. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी 1950 नंतरच्या दशकात मज्जातंतूंच्या वृद्धिघटकाचा शोध घेतला, तेव्हा कोंबडीच्या भ्रूणातील मज्जागुच्छाभोवती तंतूंचे वलय किती दाट उगवते यावरून त्याचे प्रमाण ठरविले जाई. स्टॅन्ली कोहेन यांना दुसऱ्या एका वृद्धिघटकाचा सुगावा लागला, तो नवजात उंदरांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडले म्हणून. 1986 चे नोबेल पारितोषिक या दोघांस मिळाले. त्या काळी मोजले जात होते ते कारकत्व.

1971 मध्ये एंगव्हाल आणि पर्लमान यांनी एलायझा पद्धती मांडली आणि मापनाचा विषयच पालटला. आज रूढ असलेल्या तिच्या प्रकारात वाटीच्या तळाशी चिकटविलेले प्रतिपिंड प्रथिनास पकडते, विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड त्यावर बसते आणि विकराच्या क्रियेने रंग उमटतो. यंत्र मोजते ती रंगाची गडदता; ज्ञात प्रमाणांच्या वक्राशी ताडून मिलिलिटरमागे अमुक पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अमुक लक्ष-कोट्यंश, हा आकडा अनुमानाने काढला जातो. प्रथिन कार्यक्षम आहे किंवा नाही याचा उलगडा रंगावरून होत नाही; प्रतिपिंडास ओळखता येईल एवढा त्याचा भाग शाबूत असला, तरी रंग येतो.

असे असता मराठी विज्ञानलेखनात सरसकट ‘प्रथिन मोजले’ असे लिहिले जाते. बाजारातला मापाडी धान्यच मापतो, धान्याची सावली मापीत नाही. येथे ‘अनुमानित प्रमाण’ म्हणणे यथार्थ होईल. ‘प्रथिन आढळले नाही’ हे वाक्य त्याहून सदोष आहे. पद्धतीची जी न्यूनतम मर्यादा असेल तिच्याखाली प्रमाण होते, इतकेच विधान करण्याचा अधिकार लेखकास असतो.

सर्वांत मोठा घोटाळा ‘रक्तातील प्रमाण’ या शब्दप्रयोगात आहे. रक्त गोठू दिल्यावर उरणारा तो रक्तरस. गोठू न देता पेशी वेगळ्या केल्यावर मिळणारा तो रक्तद्रव. गोठताना रक्तपट्टिका आपल्यातील साठा बाहेर टाकतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांची वाढ घडविणाऱ्या व्हीईजीएफचे प्रमाण त्याच व्यक्तीच्या रक्तरसात रक्तद्रवापेक्षा पुष्कळ अधिक भरते. एका प्रबंधाने रक्तरस घेतला, दुसऱ्याने रक्तद्रव, आणि दोघांनी तक्त्यावर ‘रक्त’ एवढेच लिहिले, तर त्या दोन आकड्यांची तुलना करणाऱ्या विद्यार्थ्यास रोग्यांमधील भेद म्हणून जे दिसेल, ते कदाचित नमुना कोणत्या नळीत घेतला याचेच अंतर असेल.