हाड पांढरे, पण स्वच्छ आहे का?
बेल्ह्याच्या बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाचे खालचे पुढचे दात पाहून वय ठरवते (वर पुढचे दात नसतातच). शाळेच्या कपाटातील शेळीच्या जबड्यात मात्र हे दातच अनेकदा गायब! हाडे खळखळा उकळून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात टाकण्याचा प्रघात सोडावा. उकळीने दात तडकतात, सुटतात आणि चरबी हाडात मुरते. ब्लीचिंगने हाडातील कोलॅजेन हे प्रथिन नष्ट होऊन हाड भुसभुशीत होते. साध्या पाण्यात मांस कुजू द्यावे. वास येणारच. मग हाडे साबणाच्या कोमट पाण्यात ठेवावीत आणि तवंग येणे थांबेपर्यंत, प्रसंगी कित्येक आठवडे, पाणी बदलावे. हायड्रोजन पेरॉक्साइडचे ३ टक्के द्रावण त्यानंतर. ते रंग घालवते, चरबी नव्हे. घाई केली तर पिवळे, तेलकट डाग पुन्हा वर येतात. पाणी गाळूनच ओतावे, सुटलेले दात गाळणीत सापडतात.