पालेभाजी, फळे, दूध आणि नवजाताचे वजन : मुंबईतील एका आहारप्रयोगाचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना :
गरोदर स्त्रीने काय खावे आणि काय टाळावे, हे सांगणारी वडीलधारी बाई आपल्याकडे प्रत्येक घरात असते. अनुभवातून आलेला असा सल्ला आणि वैद्यकीय प्रयोगातून पुढे आलेले विधान यांत फरक आहे. परंतु प्रयोगातून आलेले विधानही पुष्कळदा सल्ल्याप्रमाणेच स्वीकारले जाते. त्यामागचा प्रयोग कसा झाला आणि आकडे नेमके काय सांगतात, याची चिकित्सा होत नाही. प्रस्तुत लेखात ‘मुंबई मातृपोषण प्रकल्प’ अर्थात ‘सरस’ या प्रयोगाच्या दोन शोधनिबंधांचे चिकित्सक वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे. पहिला निबंध २०१४ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन’मध्ये, तर दुसरा २०१६ मध्ये ‘जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये प्रसिद्ध झाला.

पार्श्वभूमी :
या प्रयोगाचे मूळ पुणे जिल्ह्यात आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. या अभ्यासावर आधारित, शोभा राव आणि सहकाऱ्यांचा निबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष लक्षवेधी होता. मातेने किती उष्मांक आणि किती प्रथिने घेतली, याचा बाळाच्या आकारमानाशी स्पष्ट संबंध दिसला नाही. मात्र ज्या माता दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक खात होत्या, त्यांची बाळे जन्मतः मोठी होती.

हा अभ्यास निरीक्षणात्मक होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. जिच्या घरी दूध आणि फळे येतात, तिच्या घरी इतरही बऱ्याच गोष्टी असू शकतात. थोडी अधिक शेती, थोडे अधिक शिक्षण, कष्टांतून थोडी सवड अशा गोष्टींचाही बाळाच्या वजनावर परिणाम होऊ शकतो. संख्याशास्त्रीय पद्धतीने हे घटक काही प्रमाणात वेगळे काढता येतात, पूर्णपणे नाही. म्हणून प्रत्यक्ष प्रयोगाची गरज होती.

प्रयोगाचे स्वरूप :
२००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत हा प्रयोग झाला. ६,५१३ स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांपासून केलेला खाऊ रोज देण्यात आला. दुसऱ्या गटाला कांदा-बटाट्यासारख्या, सूक्ष्म पोषकद्रव्ये कमी असलेल्या भाज्यांचा खाऊ मिळाला. नेहमीच्या जेवणाव्यतिरिक्त असलेला हा खाऊ गर्भधारणेच्या किमान ९० दिवस आधीपासून प्रसूतीपर्यंत द्यावा, अशी योजना होती.

या रचनेचे तीन गुण मान्य केले पाहिजेत. गोळीऐवजी खरे अन्न तपासले गेले. पोषणाचा विचार गर्भधारणेच्या आधीपासून झाला. तुलनेच्या गटालाही रिकाम्या हाताने परत पाठवले नाही.

निष्कर्षांचे वाचन :
प्रयोगात सहभागी झालेल्या स्त्रियांपैकी २,२९१ गरोदर राहिल्या. त्यांतून १,९६२ एकल जिवंत बालके जन्मली आणि १,३६० नवजातांची मोजमापे घेता आली. मूळ वाटपानुसार केलेल्या विश्लेषणात, म्हणजे जिला जो गट मिळाला त्यातच तिला धरून, पालेभाजीच्या गटातील बाळांचे वजन सरासरी २६ ग्रॅमने अधिक होते. परंतु या आकड्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल उणे १५ ते अधिक ६८ ग्रॅम असा आहे. त्यात शून्य येते. म्हणजेच एकूण गटावर परिणाम झाला, असे म्हणता येत नाही.

यानंतर ज्या मातांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता, त्यांचा वेगळा विचार करण्यात आला. अशा १,०९४ बाळांत फरक ४८ ग्रॅम आला आणि विश्वास-अंतराल १ ते ९६ ग्रॅम असा होता. संख्याशास्त्राच्या भाषेत हा निष्कर्ष ‘सार्थ’ ठरतो, पण अगदी उंबरठ्यावर.

येथे एक कबुली देणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखिकेने एम.फिल.च्या काळात एका चर्चासत्रात हाच ४८ ग्रॅमचा आकडा उद्धृत केला होता. २६ ग्रॅमचा आणि त्यामागच्या अंतरालाचा उल्लेख केला नव्हता. आकडा खोटा नव्हता, पण निवड सोयीची होती. दोन्ही आकडे त्याच सारांशात शेजारी-शेजारी छापलेले आहेत. तेव्हा त्या वेळची चूक संशोधकांची नव्हती, वाचणाऱ्याची होती.

सर्वांत कृश माता :
या निबंधातील सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र याहून वेगळा आहे. गर्भधारणेपूर्वीच्या शरीर वस्तुमान निर्देशांकानुसार (बीएमआय) मातांचे तीन गट पाडले असता परिणाम असा दिसला : निर्देशांक १८.६ हून कमी असलेल्या गटात उणे २३ ग्रॅम, १८.६ ते २१.८ या गटात अधिक ३४ ग्रॅम आणि २१.८ हून अधिक असलेल्या गटात अधिक ९६ ग्रॅम. कृश मातांच्या बाळांना लाभ दिसला नाही. अधिक वजनाच्या मातांच्या बाळांना तो सर्वाधिक दिसला. खाऊ लवकर सुरू केलेल्या मातांतही हाच क्रम आढळला.

प्रौढांसाठी कमी वजनाची रूढ सीमा १८.५ ही आहे. म्हणजे या प्रयोगातील साधारण एकतृतीयांश माता त्या सीमेच्या आसपास किंवा त्याखाली होत्या. उणे २३ या आकड्यावरून खाऊमुळे अपाय झाला, असे अनुमान काढणे योग्य नाही. मात्र ज्या मातेसाठी अशा योजना आखल्या जातात, तिलाच त्यांचा लाभ का दिसू नये, हा प्रश्न टाळता येत नाही. जिच्या शरीराची स्वतःचीच गरज भागलेली नाही, तिच्याकडून गर्भापर्यंत फार थोडे पोहोचत असावे, असा एक तर्क करता येतो. तो खरा असेल, तर उपाशी शरीराला जीवनसत्त्वांआधी पोटभर अन्न हवे, असा त्याचा अर्थ होतो.

दोन आक्षेप :
पहिला आक्षेप खाऊच्या रचनेविषयी आहे. पालेभाजीच्या खाऊत सुमारे १६५ किलोकॅलरी आणि ६.४ ग्रॅम प्रथिने होती, तर तुलनेच्या खाऊत सुमारे ८८ किलोकॅलरी आणि २.७ ग्रॅम प्रथिने. त्यामुळे दिसलेला परिणाम सूक्ष्म पोषकद्रव्यांचाच, असे निःसंशय म्हणता येत नाही. अन्नाचा प्रयोग गोळीच्या प्रयोगाइतका काटेकोर होऊ शकत नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे. अन्नातून एकच घटक वाढवता येत नाही. एक वाढवला की दुसराही वाढतो.

दुसरा आक्षेप २०१६ च्या निबंधाविषयी आहे. त्यानुसार गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के, तर तुलनेच्या गटात १२.४ टक्के होते. हा फरक मोठा आहे आणि भारतासारख्या देशात त्याचे मोल फार आहे. तथापि ही तपासणी १,००८ स्त्रियांचीच झाली होती आणि प्रयोगाचा मूळ हेतू नवजाताचे वजन पाहणे हा होता. अशा वेळी खाऊ मधुमेहाला ‘प्रतिबंध करतो’ असे शीर्षकातच ठामपणे म्हणण्यापेक्षा, दुसऱ्या प्रयोगाने हा निष्कर्ष पडताळून पाहावा, असे म्हणणे अधिक उचित ठरले असते.

समारोप :
एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ पासून, तर महाराष्ट्राच्या आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून राबविली जात आहे. ‘सरस’ प्रयोगाच्या प्रकाशात अशा योजनांकडे पाहता दोन गोष्टी जाणवतात. गरोदरपणाची नोंद होईपर्यंत पोषणासाठी महत्त्वाचा काळ उलटून गेलेला असू शकतो. तसेच कृश मातेच्या ताटात सत्त्वयुक्त घास वाढताना एकूण घासही वाढले पाहिजेत.

‘पालेभाजीने बाळ मोठे होते’ आणि ‘पालेभाजीचा काही उपयोग नाही’ ही दोन्ही विधाने या एकाच निबंधाच्या आधारे करता येतात, आणि दोन्ही अपुरी आहेत. सरासरीचा आकडा सांगून थांबलो, तर सर्वांत कृश माता त्या सरासरीत दिसेनाशी होते. आहारविषयक संशोधन वर्गात शिकवताना ‘किती फरक पडला’ या प्रश्नापाठोपाठ ‘कोणाला पडला आणि कोणाला नाही’ हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे, ही अध्यापक म्हणून आपली जबाबदारी आहे, असे वाटते.